व्यावसायिक संपर्कस्थळावरील संदेशांची वाचनपोच : कार्यपद्धती, अर्थ आणि मर्यादा

सारांश

लिंक्डइन या व्यावसायिक संपर्कस्थळावरील संदेशसेवेत पाठविलेला संदेश उघडला गेल्याची खूण प्रेषकाला दिसते. प्रस्तुत लेखात या खुणेची तांत्रिक घडण, तिच्यामागील परस्परतेचा नियम, भारतीय कायद्यातील 'प्राप्ती' या संकल्पनेशी तिचे असलेले नाते आणि महाविद्यालयीन व्यवहारातील तिचे स्थान यांचे विवेचन केले आहे. ही खूण म्हणजे संदेश पडद्यावर आल्याची यंत्राने केलेली नोंद होय. तो वाचला, समजला वा स्वीकारला गेल्याचा तो पुरावा ठरत नाही, असे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वाचनपोच, संदेशवहन, लिंक्डइन, परस्परता, प्राप्ती, पोचपावती

१. प्रस्तावना

लिंक्डइनची स्थापना डिसेंबर २००२ मध्ये झाली व मे २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. डिसेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या सदस्यांची संख्या १०० कोटींवर पोहोचल्याचे जाहीर झाले. भारतातील सदस्यसंख्येने त्याच वर्षी जानेवारीत १० कोटींचा टप्पा ओलांडला होता. नोकरीचा शोध, माजी विद्यार्थ्यांशी संपर्क, संशोधनातील सहकार्य, शिफारसपत्राची विनंती अशा अनेक कारणांनी महाविद्यालयीन अध्यापकही या संपर्कस्थळाचा वापर करू लागले आहेत. महाविद्यालयांतील रोजगार कक्ष आणि माजी विद्यार्थी संघ यांच्या कामातही त्याचा उपयोग होतो.

या संदेशसेवेतील एक लहानशी सुविधा मात्र अनेक गैरसमजांचे मूळ ठरते. पाठविलेला संदेश समोरच्या व्यक्तीने उघडला की त्या व्यक्तीच्या छायाचित्राची छोटी प्रतिमा संदेशाखाली उमटते. इंग्रजीत तिला रीड रिसीट म्हणतात. टपाल व्यवहारातील 'पोच' हा शब्द मराठीत रूढ असल्यामुळे प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'वाचनपोच' हा शब्द योजला आहे. ही पोच पाहून 'पाहिले, पण उत्तर दिले नाही' असा निष्कर्ष सहज काढला जातो. त्या निष्कर्षावरून विद्यार्थी अर्ज करण्याचे सोडून देतो, अध्यापक सहकाऱ्याविषयी मत बनवितो, क्वचित सूचना मिळाल्याचा पुरावा म्हणूनही तिच्याकडे बोट दाखविले जाते. म्हणून ही पोच नेमके काय सांगते व काय सांगत नाही, हे तपासणे आवश्यक ठरते.

२. पोचेची पूर्वपीठिका

संदेश पोहोचल्याची खात्री मिळविण्याची गरज संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. भारतीय टपाल खात्याच्या रजिस्टर्ड पोस्टासोबत पोचपावतीचे कार्ड जोडण्याची पद्धत अनेक पिढ्यांच्या परिचयाची होती. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. त्या कार्डावर पत्र स्वीकारणाऱ्याची सही आणि तारीख असे. कार्यालयात आलेले पत्र आवक लिपिकाने स्वीकारले, तर सही त्याचीच असे. पाकीट फोडले गेले की नाही, ज्याच्या नावे पत्र आले त्याच्या हाती ते केव्हा पडले, मजकूर त्याने वाचला काय, यांविषयी ते कार्ड मौन बाळगी. पोचपावती ही पाकिटाची पोच होती, मजकुराची नव्हती.

विद्युत्-टपाल म्हणजे ई-मेल प्रचारात आल्यावर हीच गरज दोन स्वतंत्र स्वरूपांत पुढे आली. संदेश प्राप्तकर्त्याच्या टपालपेटीत पडला किंवा नाही हे कळविणारी पोच एक. आणि तो प्राप्तकर्त्याच्या पडद्यावर उघडला गेला हे कळविणारी पोच दुसरी. दुसऱ्या प्रकाराचे मानक मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२९८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये आरएफसी ३७९८ आणि २०१७ मध्ये आरएफसी ८०९८ या क्रमांकांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या मानकातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, प्रेषकाने पोच मागितली तरी ती द्यावी की नाही हा निर्णय प्राप्तकर्त्याकडे ठेवला आहे. दुसरी अशी की, संदेश 'दर्शविला गेला' ही नोंद म्हणजे ती टपालपेटी पाहणाऱ्या कोणास तरी तो दाखविला गेला एवढेच असून, मजकूर वाचला किंवा समजला गेल्याची हमी तीत नाही, असे मानकातच स्पष्ट केले आहे. वाचनपोचेची मर्यादा ही अशा रीतीने मानक तयार करणाऱ्यांनीच प्रारंभी नोंदवून ठेवली होती.

भ्रमणध्वनीवरील संदेशसेवांनी मात्र ही सावधगिरी मागे टाकली. २००५ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅकबेरी मेसेंजरमध्ये संदेशाशेजारी 'डी' आणि 'आर' ही अक्षरे अनुक्रमे 'पोहोचला' व 'वाचला' या अर्थाने येत. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या. त्या बंद ठेवण्याची सोय नंतर देण्यात आली. गटातील संभाषणाला मात्र ती सोय लागू नाही. अशा प्रकारे 'पडद्यावर दर्शविला' या तांत्रिक घटनेचे 'वाचला' हे लोकभाषेतील रूपांतर सर्वत्र रूढ झाले.

३. लिंक्डइनवरील कार्यपद्धती

प्रारंभीच्या काळात लिंक्डइनवरील संदेश ई-मेलच्या धर्तीवर, विषय व मजकूर अशा स्वरूपात असत. २०१५ मध्ये त्यांना संभाषणाचे रूप देण्यात आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीच्या अभियांत्रिकी विभागाने प्रसिद्ध केलेल्या लेखात तत्काळ संदेश, 'लिहीत आहे' ही सूचना आणि वाचनपोच या तिन्ही सुविधांमागील तंत्र विशद केले आहे. त्याचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

सर्वसाधारण संकेतस्थळाच्या व्यवहारात वापरकर्त्याचे उपकरण विचारणा करते व सर्व्हर उत्तर देतो. उत्तर देऊन झाले की तो व्यवहार संपतो. नवा संदेश आला आहे हे उपकरणाला स्वतःहून कळण्याचा मार्ग या पद्धतीत नसतो. म्हणून लिंक्डइनने उपकरण आणि सर्व्हर यांच्यातील एक जोडणी सतत उघडी ठेवण्याची पद्धत स्वीकारली. या जोडणीतून सर्व्हर उपकरणाकडे घटना पाठवीत राहतो. या तंत्राला 'सर्व्हर-सेंट इव्हेंट्स' असे नाव आहे.

वाचनपोचेचा प्रवास या रचनेत चार टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात प्रेषकाचा संदेश सर्व्हरवर पोहोचतो व त्याची नोंद होते. दुसऱ्या टप्प्यात तो प्राप्तकर्त्याच्या उपकरणाकडे जातो. तिसऱ्या टप्प्यात प्राप्तकर्ता ते संभाषण उघडतो आणि त्याचे उपकरण 'हे संभाषण येथपर्यंत दर्शविले' अशा आशयाची माहिती सर्व्हरला कळविते. चौथ्या टप्प्यात सर्व्हर ही घटना प्रेषकाच्या उपकरणाकडे धाडतो आणि संदेशाखाली प्राप्तकर्त्याच्या छायाचित्राची लहान प्रतिमा दिसू लागते. 'लिहीत आहे' ही सूचनाही याच मार्गाने येते. दोहोंत फरक इतकाच की ती क्षणिक असते. वाचनपोच टिकून राहते.

या चार टप्प्यांपैकी निर्णायक टप्पा तिसरा होय. तेथे उपकरणाला माहीत असते ते केवळ संभाषणाची चौकट उघडली गेली एवढेच. पडद्यासमोर कोण आहे, त्याची दृष्टी मजकुरावर होती की नाही, मजकूर त्याने अखेरपर्यंत वाचला काय, हे जाणण्याचे साधन या व्यवस्थेत नाही.

४. परस्परतेचा नियम

लिंक्डइनच्या सेटिंग्जमध्ये वाचनपोच आणि 'लिहीत आहे' ही सूचना यांसाठी एकच कळ आहे. ती सुरू असेल तर सदस्याची पोच इतरांना जाते व इतरांची त्याला दिसते. ती बंद केल्यास दोन्ही गोष्टी थांबतात. स्वतःची पोच लपवून दुसऱ्याची पाहण्याची मुभा त्यात नाही. साहजिकच एखाद्या संभाषणात वाचनपोच दिसण्यासाठी दोन्ही बाजूंची कळ सुरू असावी लागते.

हा नियम वरकरणी न्याय्य वाटतो. ई-मेलच्या जुन्या मानकाशी त्याची तुलना केली असता मात्र एक महत्त्वाचा फरक ध्यानात येतो. ई-मेलमध्ये प्रेषक विशिष्ट पत्रापुरती पोच मागतो आणि प्राप्तकर्ता त्या पत्रापुरता होकार वा नकार देऊ शकतो. लिंक्डइनवर संमती पत्रागणिक घेतली जात नाही. ती खात्याच्या पातळीवर, सर्व संभाषणांसाठी एकत्रितपणे गृहीत धरली जाते. ज्या सदस्याने ही कळ कधी पाहिलीच नाही, त्याचीही पोच जात राहते. निकटच्या सहकाऱ्याला पोच द्यावी आणि अनोळखी विक्रेत्याला देऊ नये, असा भेद या व्यवस्थेत करता येत नाही.

परस्परतेची दुसरी बाजू समाजव्यवहाराशी निगडित आहे. व्यावसायिक संपर्कस्थळावरील संवाद हा बहुधा समपातळीवरचा नसतो. नोकरी शोधणारा पदवीधर आणि निवड अधिकारी, शिफारसपत्र मागणारा विद्यार्थी आणि प्राध्यापक, मार्गदर्शक शोधणारा संशोधक आणि ख्यातकीर्त अभ्यासक, यांच्यातील अंतर उघड आहे. निवड अधिकाऱ्याने ही कळ बंद केल्यास त्याचे फारसे काही जात नाही. उमेदवाराने ती बंद केली तर त्याला असलेला एकमेव संकेतही तो गमावतो. नियम दोघांनाही सारखाच असला, तरी त्याची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही.

५. खुणेचा अर्थ आणि मर्यादा

खूण दिसणे आणि न दिसणे या दोन्ही स्थितींचा अर्थ स्वतंत्रपणे पाहणे इष्ट ठरेल.

खूण दिसली, तरी संदेश वाचला गेला नसण्याची अनेक कारणे संभवतात. यादीतील दुसरे संभाषण उघडताना चुकून वेगळ्याच नावाला स्पर्श होतो. संगणकावर संदेशांचे पान उघडताच सर्वांत अलीकडचे संभाषण आपोआप समोर येऊ शकते. विभागाच्या सामायिक संगणकावर खाते उघडे राहिल्यास अन्य कोणीही ते उघडू शकते. घाईत उघडलेला दीर्घ संदेश 'नंतर सावकाश वाचू' म्हणून बाजूला ठेवला जातो. संदेश पुन्हा 'न वाचलेला' म्हणून ठेवण्याची सोय लिंक्डइनवर आहे. मात्र ती प्राप्तकर्त्याच्या स्वतःच्या यादीपुरती असते.

याच्या उलट, खूण न दिसताही संदेश वाचला गेलेला असू शकतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनेत संदेशाचा प्रारंभीचा भाग दिसतो आणि लहान संदेश तर तेथेच संपतो. नव्या संदेशाची सूचना ई-मेलनेही येते. या वाटांनी मजकूर कळला तरी संभाषणाची चौकट उघडलेली नसते, त्यामुळे पोच निर्माण होत नाही. शिवाय दोहोंपैकी एकाने कळ बंद ठेवलेली असेल, तर खुणेचा अभाव काहीच सांगत नाही.

याच प्रकारचा अनुभव ई-मेलच्या क्षेत्रातही आला आहे. व्यापारी ई-मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एका बिंदूएवढे चित्र दडवून, ते चित्र उतरविले गेले म्हणजे पत्र उघडले, असे मोजण्याची प्रथा रूढ होती. डिसेंबर २०१३ मध्ये जीमेलने अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखविण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली, की ती स्वीकारलेल्या वापरकर्त्यांच्या बाबतीत पत्र उघडले न गेले तरी चित्रे आधीच उतरविली जातात. परिणामी 'उघडले' या मोजणीवरचा भरवसा कमी झाला. यंत्रातील घटना आणि मनुष्याचे वाचन यांना एकच मानण्यातील धोका या उदाहरणातून स्पष्ट होतो.

यापुढचा प्रश्न मौनाचा आहे. पूर्वी पत्राचे उत्तर आले नाही, तर पत्र मिळालेच नसावे, ही शक्यता शिल्लक राही. त्या संदिग्धतेत उभयपक्षी सोय होती. उत्तर न देणाऱ्याची लाज राखली जाई आणि विचारणाऱ्यालाही पुन्हा विचारण्यास संकोच वाटत नसे. वाचनपोचेने ती एक शक्यता दूर केली. मौनाचे कारण मात्र तिने सांगितले नाही. उत्तर न देणारा व्यग्र आहे, विचार करतो आहे, कोणाचा सल्ला घेतो आहे की नकार देण्यास कचरतो आहे, हे पूर्वीइतकेच अज्ञात राहते. तरीही एक प्रश्न सुटल्यामुळे दुसराही सुटला, असा भास पाहणाऱ्यास होतो. वाचनपोचेमुळे होणारा मनस्ताप बव्हंशी या भासातून उद्भवतो.

६. कायद्याच्या दृष्टीने 'प्राप्ती'

संदेश केव्हा प्राप्त झाला असे मानावे, या प्रश्नाचा भारतीय कायद्याने स्वतंत्र विचार केला आहे. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमातील कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, मूल्य भरून, रजिस्टर्ड टपालाने पाठविलेले पत्र नेहमीच्या क्रमाने पोहोचण्याच्या वेळी बजावले गेले असे गृहीत धरले जाते. अर्थात विरुद्ध सिद्ध करण्याची मुभा असते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम १३ नुसार, पक्षांमध्ये वेगळे ठरलेले नसेल आणि प्राप्तकर्त्याने विशिष्ट संगणक-साधन नेमून दिले असेल, तर विद्युत् अभिलेख त्या साधनात शिरताच तो प्राप्त झाला असे मानले जाते. नेमून दिलेल्या साधनाऐवजी प्राप्तकर्त्याच्या दुसऱ्याच साधनाकडे तो पाठविला गेला, तर प्राप्तकर्त्याने तो काढून घेतल्यावर प्राप्ती होते. कलम १२ नुसार, पोच कोणत्या स्वरूपात द्यावी हे ठरलेले नसल्यास ती प्राप्तकर्त्याच्या कोणत्याही, स्वयंचलित वा अन्य, निवेदनाने किंवा पुरेशा सूचक वर्तनाने देता येते. या तरतुदींचा रोख प्राप्तीवर आहे. वाचन वा आकलन हा त्यांचा विषय नाही.

न्यायालयीन व्यवहारात याच खुणांचा दोन वेगवेगळ्या रीतींनी विचार झालेला दिसतो. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, नोटीस टाळणाऱ्या एका प्रतिवादीला व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. संदेश पोहोचला आणि सोबतची पीडीएफ उघडली गेली, हे तेथील खुणांवरून दिसून येते, असे त्या आदेशात नमूद आहे. जुलै २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल व तत्काळ संदेशसेवांद्वारे नोटीस बजावण्यास अनुमती दिली. मात्र जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, पोलिसांपुढे हजर राहण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील नोटीस व्हॉट्सॲप वा तत्सम माध्यमाने बजावू नये, असे निर्देश दिले. अशा नोटिशीचे पालन न झाल्यास अटकेचा प्रसंग येऊ शकतो. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेथे अधिक खात्रीचा मार्ग हवा, हा बोध यातून घेता येतो. पडद्यावरील खुणेचे वजन प्रसंगानुसार ठरते. ती स्वयंसिद्ध नसते.

७. महाविद्यालयीन व्यवहारातील उपयोजन

वरील विवेचनाच्या आधारे अध्यापकांच्या दैनंदिन व्यवहारासाठी काही सूचना करता येतील.

अ) मौखिक परीक्षेची तारीख, शुल्क भरण्याची मुदत, प्रबंधातील दुरुस्त्या यांसारखी परिणाम घडविणारी सूचना संपर्कस्थळावरील संदेशापुरती ठेवू नये. ती महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरून किंवा सूचनाफलकावरून द्यावी आणि 'पोच द्यावी' असे स्पष्ट शब्दांत लिहावे. शब्दांत दिलेली पोच हीच आकलनाच्या अधिक जवळची असते.

आ) 'संदेश पाहिला होता' एवढ्याच आधारावर विद्यार्थ्याला दोष देऊ नये. त्याच्या बाजूने खूण कशी उमटली असेल, याची शहानिशा आधी करावी.

इ) शिफारसपत्रासारख्या विनंतीला तत्काळ होकार वा नकार देता येत नसेल, तर 'विनंती मिळाली, अमुक दिवसापर्यंत कळवितो' असे एक वाक्य लिहावे. अध्यापकाला त्यासाठी अर्धा मिनिट पुरतो. परदेशी विद्यापीठाच्या मुदतीकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्यावरून दुसऱ्या अध्यापकाकडे जावे की थांबावे, हे ठरविता येते.

ई) रोजगार कक्षाने विद्यार्थ्यांना या खुणेचा अर्थ समजावून द्यावा. निवड अधिकाऱ्याची खूण दिसून उत्तर न आल्यास तो नकार समजू नये. योग्य कालावधीनंतर नम्रपणे एकदा स्मरण द्यावे.

उ) वाचनपोच सुरू ठेवावी की बंद, हा प्रत्येकाचा निर्णय आहे. तो माहितीपूर्वक घेतला जावा यासाठी सेटिंग्जमधील ही कळ एकदा तरी पाहून घ्यावी. बंद ठेवणारा काही लपवितो असा अर्थ काढणे योग्य नव्हे.

८. समारोप

लिंक्डइनवरील वाचनपोच ही उपकरण, सर्व्हर आणि दोन सदस्यांची संमती यांच्या जुळणीतून निर्माण होणारी नोंद आहे. संभाषण पडद्यावर उघडले गेले, एवढेच ती खात्रीने सांगते. कोणी उघडले, काय वाचले, काय समजले आणि उत्तर का आले नाही, हे तिच्या कक्षेबाहेरचे प्रश्न आहेत. टपालाच्या पोचपावतीकडून इतकी अपेक्षा कोणी केली नव्हती. यंत्राची खूण अधिक तत्पर व अधिक ठळक असल्यामुळे ती केली जाते. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या संबंधात तर या अपेक्षेची झळ दुर्बल बाजूला अधिक लागते. म्हणून महत्त्वाच्या व्यवहारात खुणेवर न विसंबता शब्दांत पोच मागण्याची व देण्याची जुनी रीत संपर्कस्थळांच्या काळातही चालू ठेवणे हितावह ठरेल.